फुगलेला दाणा

जुन्या जालन्यात बियाण्याच्या दुकानात बसणारे काका नवा माल आला की शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि उगवण बघूनच विकतात. नुसता फुगलेला दाणा ते उगवलेल्यांत धरत नाहीत.

यंदा शेअर घ्यायला काकांच्या आणि माझ्या डोक्यात त्याच दोन सॉफ्टवेअर कंपन्या होत्या, दोन्हींचे भाव घसरलेले. कुठली घ्यावी, मला ठरवता येईना. काकांनी दोन्हींचा एकेक शेअर घेतला आणि भागधारक म्हणून दोन्हींना ईमेल करून विचारलं, "तुमची जुनी गिऱ्हाइकं का सोडून गेली?"

पहिलीचं लांबलचक, गोडगोड उत्तर काकांना दुसऱ्याच दिवशी आलं. ते वाचून खूश होऊन मी मुलीच्या शिक्षणाचे पैसे तिच्यात घातले.

"लई जल्दी केली तुम्ही," काका बशीतला चहा फुंकत म्हणाले. "हा दाणा फुगलाय. उगवला कुठं?"

दुसरीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. चारच ओळी: आमचं सॉफ्टवेअर सारखं बंद पडायचं, चूक आमचीच. काकांनी ते दोनदा वाचलं आणि तिचे थोडे शेअर घेतले.

मला राहवेना. मी त्या पहिल्या कंपनीला ईमेल करून वेगळंच विचारलं, "नवी गिऱ्हाइकं कुठून आणणार?"

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. काकांना आलेलंच, शब्दन् शब्द. वरचं नाव तेवढं माझं होतं.