खुडूक कोंबडी आणि जंताचं औषध

शहाडला आमच्या बैठ्या घराभोवती इमारती उठल्या, तरी आईने माहेराहून आणलेल्या कोंबड्यांचा वंश परसात टिकून होता. सहा कोंबड्या आणि एक म्हातारा कोंबडा. आईच्या हयातीत बाबांनी त्यांना कधी मूठभर कणी टाकली नव्हती. गेल्या वर्षी ती गेली आणि बाबा एकदम कोंबड्यांचे तज्ज्ञ झाले.

एक कोंबडी खुडूक झाली, पिसं फुलवून अंडी उबवायला बसली, आणि त्याच आठवड्यात कोंबड्यांच्या विष्ठेत जंत दिसले, शेवयांसारखे. तेव्हापासून मी खीर सोडली आहे. म्हातारा कोंबडा पुढच्या खेपेपर्यंत टिकेल याची खात्री नव्हती. आईच्या कोंबड्यांची पिल्लं हवीत तर ती आत्ताच, यावर आम्हा बापलेकांचं एकमत होतं. एकमत आमच्याकडे क्वचितच होतं, त्यामुळे लगेच भांडण झालं.

मी कल्याणच्या जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध आणलं. रात्री पाणी काढून घ्यायचं आणि सकाळी तहानलेल्या कोंबड्यांपुढे औषधाचं पाणी ठेवायचं. अंडी काही दिवस खायची नाहीत, पण या औषधाने उबवायला अडचण नाही, असं ते म्हणाले. जे अंडं माणसाला चालत नाही ते पिल्लाला कसं चालेल, हा बाबांचा सवाल. उभा जन्म कारखान्यात लेथ चालवलेल्या माणसाला कोंबड्यांचं शिकवणारा मी कोण? मी तर बँकेतला कारकून.

तोडगा त्यांनीच काढला. कोंबडा आणि दोन कोंबड्या परसातल्या जुन्या न्हाणीघरात, साध्या पाण्यावर ठेवायच्या. उबवायची अंडी फक्त त्यांची. औषध बाकीच्यांनी प्यावं. म्हणजे ज्यांच्यावर वंश चालवायचा, त्यांच्याच पोटातल्या जंतांना पूर्ण संरक्षण. मी तसं बोलून दाखवलं. बाबांनी न्हाणीघराला कडी घातली.

नऊ अंडी जमेपर्यंत बाबा ती तांदळाच्या डब्यात ठेवत होते. खुडूक कोंबडी तोवर एका गोल दगडावर निष्ठेने बसून होती. घरात तेवढी एकच समजूतदार. न्हाणीघरातल्या कोंबड्यांचे तुरे मात्र फिके पडत चालले होते. मला खरंच भीती वाटत होती. आईच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलं होतं, आणि तेही बाबांच्या हट्टापायी संपणार.

शेवटी बाबांनी पेंढ्याच्या टोपलीत नऊ अंडी ठेवून वर कोंबडी बसवली, आणि त्यानंतरच न्हाणीघरातल्या मंडळींना औषध मिळालं. कोंबडा दूर झाला तरी आठवडा-दोन आठवडे कोंबड्या फळणारी अंडी देतात. संध्याकाळी बाबा फिरायला गेल्यावर मी बाहेरच्या, आधीच औषध प्यालेल्या कोंबड्यांची चार अंडी हळूच तिच्या पोटाखाली सरकवली. चारच, कारण अंडी विषम ठेवायची असतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण मोडायची छातीही नाही.

सातव्या दिवशी खिडक्या बंद करून बाबा मोबाइलच्या उजेडात एकेक अंडं पाहू लागले. नवाची तेरा झाली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या पालीत रस घेतला. तीन अंडी कोरी निघाली, आत जीव धरलेला दिसेना, ती त्यांनी बाजूला काढली. दहा उरली, म्हणजे सम. बाबांनी थोडा विचार करून एक कोरं अंडं परत टोपलीत ठेवलं.

एकविसाव्या दिवशी सहा पिल्लं निघाली. औषधाची कोणती आणि साध्या पाण्याची कोणती, हे सांगायची सोय नव्हती. सगळी सारखीच ओली आणि सारखीच ओरडत होती. मी कबूल करून टाकलं की चार अंडी माझी होती.

"तेरा मोजली तेव्हाच कळलं," बाबा म्हणाले.

मग काढून का नाही टाकली, असं मी विचारलं. त्यांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं. इतकं जपून काही धरताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"कुठली काढणार? सगळी तिचीच होती."