देवमनचं अर्धं वाक्य

भातकुलीच्या पुढं, खारपाणपट्ट्यात, एक गाव आहे. तिथं ख्रिस्ती लोकांची घरं अगदी थोडी, पण रविवारी चर्च भरायचं. ते भरायचं रिबकाबाईमुळं, असं पास्टर शांतवन स्वतःच हसत सांगायचे. त्यांचा उपदेश लांब असे आणि मागच्या सतरंजीवरची माणसं पेंगू लागत. मग ते म्हणत, "आता रिबकाबाई साक्ष देतील," की सगळे सरळ होऊन बसत.

रिबकाबाई ढोके मजुरीनं शेतात जायची. नवरा तरणाच वारला होता, मूलबाळ नव्हतं. मिशनच्या बाईंनी लहानपणी तिला वाचायला शिकवलं होतं आणि त्या वाचण्याचा तिनं एकच उपयोग केला होता. पवित्र शास्त्र ती रोज वाचायची आणि दिवसभर हातातल्या कामात त्याचा अर्थ शोधायची. निंदताना, वेचताना, दाळ निवडताना तिचं मन तिथंच असे. एकदा ती म्हणाली होती, "प्रभूनं आपल्याले पृथ्वीचं मीठ म्हटलं. पण आपल्या गावाले मिठाचं काय कौतिक? आपल्या विहिरीतच मीठ हाय. त्या पाण्यात दाळ शिजत नाही. म्हून सांगतो, मीठ व्हा, पण दुसऱ्याच्या दाळीत किती पडावं हेबी समजून घ्या." लोक हसले होते आणि घरी जाताना तेच बोलत गेले होते.

तिची सोबतीण म्हणजे जमुना. जमुना बौद्धवाड्यातली, चर्चशी तिचा काही संबंध नव्हता. पण दोघी लग्न होऊन एकाच सालात गावात आल्या होत्या, दोघींचे नवरे लवकर गेले होते, आणि केशवरावांच्या शेतात दोघी एकाच ओळीत चालायच्या. जमुना तिला म्हणायची, "तू लई बोलतं वं, रिबका. तुह्या देवाले झोप तरी येऊ देतं का?" रिबकाला त्याचा राग येत नसे. जमुनाचा मुलगा देवमन तिच्याच अंगणात खेळून मोठा झाला होता. सव्वीस वर्षांचा झाला तरी तिला 'मोठीमाय' म्हणायचा.

दोन हजार एक साली कपाशीवर बोंडअळी अशी उतरली की पात्या, फुलं, बोंडं, काही सोडलं नाही. एक औषध चालेना म्हणून लोक दोन-दोन औषधं एकत्र कालवून मारू लागले. फवारणीला माणसं मिळत नव्हती. देवमन पाठीवर पंप घेऊन केशवरावांच्या वावरात उतरला. कपाशी छातीइतकी वाढलेली, हवा कोंदट, वारा समोरून. दुपारी तो बांधावर आला आणि म्हणाला, "मालक, डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली. आज पुरे करू का?"

केशवराव बांधावरच उभे होते. माणूस तसा दुष्ट नव्हता, घाबरलेला होता. "एवढा तुकडा उरकून घे गा," ते म्हणाले. "आज राह्यलं तं उद्या बोंडं दिसत नाहीत."

शेजारच्या ओळीत निंदणाऱ्या जमुना आणि रिबकानं हे बोलणं ऐकलं. देवमननं पंप पुन्हा भरला. तुकडा उरकायच्या आत तो तासात, कपाशीच्या दोन ओळींच्या मधे, पडला.

केशवरावांनीच जीप दिली, हे खरं. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात त्याला भरती केलं. तोंडातून फेस, अंगाला कंप, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टरांनी जमेल ते केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जमुना औषध आणायला खाली गेली आणि खाटेपाशी रिबका एकटी राहिली. तेव्हा देवमननं डोळे उघडले. त्यानं तिचं मनगट धरलं. ओठ कोरडे पडले होते.

"मोठीमाय," तो म्हणाला, "केशवरावले सांगा..."

पुढं काही आलं नाही. छाती वर उचलली गेली, घशात घरघर झाली आणि मनगटावरचा हात सुटला. जमुना औषधाची पुडी घेऊन वर आली तेव्हा नर्स चादर ओढत होती.

गावात माती झाली. जमुना रडली नाही. ती एवढंच म्हणत होती, "त्यानं पुरे करू का म्हटलं होतं. माह्या पोरानं पुरे करू का म्हटलं होतं." ठाण्यात जाऊन तिनं तेच लिहून दिलं. रिबकानंही ते ऐकलंय, असंही तिनं सांगितलं.

त्या आठवड्यात रिबकाला शास्त्र उघडावंसं वाटेना. उघडलं तर अक्षरं नुसती दिसत. देवमनचं मरण कुठल्याच वचनाला चिकटत नव्हतं. असं तिचं कधी झालं नव्हतं. रविवारी पास्टर म्हणाले, "रिबकाबाई साक्ष देतील," आणि ती सवयीनं उठली. समोर माणसं. त्यांच्याही घरी कोणी ना कोणी फवारायला जात होतं. सगळे तिच्याकडं अशा नजरेनं बघत होते की हिच्यापाशी नक्की काही असणार.

तिनं वावरातलं सांगितलं, जीपचं सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं. बाया पदर तोंडाला लावून रडू लागल्या. मग ती त्या मनगटापाशी आली. "देवमननं डोळे उघडले," ती म्हणाली. "मले म्हणे, मोठीमाय, केशवरावले सांगा..."

ती थांबली. इथं काहीतरी पाहिजे होतं. एवढ्या मरणाचा शेवट एवढाच कसा असेल? आणि तिच्या ओठांवर वाक्य आलं, जसं आजवर प्रत्येक वेळी येत आलं होतं. "...केशवरावले सांगा, मी त्यायले माफ केलं."

कोणीतरी हुंदका देऊन "प्रभूची स्तुती असो" म्हणालं. ती बोलत गेली. क्रुसावरून आपल्याच मारेकऱ्यांसाठी क्षमा मागणारा प्रभू आणि ज्यानं प्रभूचं नाव कधी घेतलं नाही असा देवमन, दोघं तिनं शेजारी उभे केले. खाली बसली तेव्हा तिचं अंग हलकं झालं होतं. ती त्या रात्री झोपली.

गावात गोष्ट फिरायला वेळ लागत नाही. दोन-चार दिवसांत ठाण्याचे जमादार आले. पास्टरच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. केशवराव बसले होते, चर्चच्या मंडळीतली जाणती माणसं उभी होती. रिबकाला बोलावणं आलं.

"बाई," जमादार म्हणाले, "देवमन मरताना तुमच्यापाशी बोलला म्हणतात. मालकावर माझी काही तक्रार नाही, असं म्हटलं त्यानं?"

रिबकानं पास्टरकडं पाहिलं. पास्टर कौतुकानं हसले. "सांगा बाई. सगळ्या मंडळीनं ऐकलं हाय."

"त्यानं..." ती म्हणाली आणि थांबली. आता म्हणायचं होतं, 'नाही, ते मी जोडलं.' पण मग रविवारी रडलेल्या बायांना काय सांगायचं? आजवर दिलेल्या सगळ्या साक्षी लोक पुन्हा उकरून पाहतील. कोणती खरी, कोणती जोडलेली?

"माफ केलं म्हटलं ना त्यानं?" जमादारांनी विचारलं.

रिबकानं मान हलवली.

"अन् वावरात पुरे करू का म्हटलं, थे तुमी ऐकलं?"

"ऐकलं."

"बरं. पण शेवटी त्यानंच माफ केलं म्हटल्यावर..." जमादारांनी पेन खिशाला लावलं.

प्रकरण तिथंच निवलं. कागदावर अपघात, अशी नोंद झाली. केशवरावांनी पुढच्या उन्हाळ्यात चर्चवर नवी टिनं टाकून दिली. पास्टरांनी वेदीवरून सांगितलं की देवमनच्या मरणातून प्रभूनं आपल्याला छप्पर दिलं, त्याचे मार्ग आपल्याला कळत नाहीत. रिबकानं ते ऐकलं आणि पहिल्यांदा तिला दुसऱ्यानं काढलेला धडा ऐकताना कसं वाटतं ते समजलं.

पण त्याआधी जमुना येऊन गेली होती. दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"माह्या पोरानं माफ केलं?" तिनं विचारलं. "मी खाली गेलो होतो तेवढ्यात?"

"जमुना, बस तं खरं."

"मले काहून नाही सांगितलं? चर्चमधल्या लोकायले सांगितलं, जमादाराले सांगितलं. मी त्याची माय होतो."

रिबकाला खरं बोलता आलं नाही. खोटंही बोलता आलं नाही. जमुनानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळलं. ती ओरडली नाही. "तुले माह्या पोराचा धडा कराचा होता," ती म्हणाली. "केला तू."

त्यानंतर रिबकाला शास्त्रातले धडे पुन्हा दिसू लागले, पण आता ते तिच्याकडंच बोट करून येत. चुलीपुढं बसली की अंगणातल्या शेकोटीपाशी उभा राहून 'मी त्याला ओळखत नाही' म्हणत आपल्या प्रभूलाच नाकारणारा शिष्य पेत्र दिसे. चर्चमधल्या मुलांना दहा आज्ञा पाठ करवताना 'शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको' या आज्ञेपाशी जीभ अडे. प्रभूनं दिलेला पेरणाऱ्याचा दाखला वाचताना तिला बी दिसत नसे, फक्त फवारा दिसे.

एके सोमवारी ती पायी भातकुलीला ठाण्यात गेली. "मी चूक सांगितलं, साहेब," ती म्हणाली. "थो पुरं बोललाच नाही."

जमादारांनी तिला बसायलाही सांगितलं. "बाई, आता कागद वर गेले. तुमी एकदा हो म्हटलं, आज नाही म्हणता. उद्या काय म्हणाल? घरी जा."

पुढच्या रविवारी ती चर्चमध्ये आपण होऊन उठली. "देवमननं माफ केलं असं म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "ते माह्यं होतं." एवढंच बोलून ती उभी राहिली. वर नवी टिनं उन्हानं तडतडत होती. पास्टरांनी गाण्याचा नंबर सांगितला. बाहेर निघताना मंडळीतले एक म्हातारे तिला बाजूला घेऊन म्हणाले, "आता हे काढून कोणाचं भलं होते बाई? त्या साक्षीनं किती लोक विश्वासात पक्के झाले." त्या दिवसापासून तिला साक्ष द्यायला कोणी उठवलं नाही. केशवरावांच्या शेतातही तिला कामाला बोलावणं येईनासं झालं.

जमुना गाव सोडून अकोल्याला गेली. जुन्या शहरात, गयासुद्दीन पिंजाऱ्याच्या गादीच्या दुकानात तिला काम मिळालं. दोन वर्षं रिबका जाऊ-जाऊ म्हणत राहिली. शेवटी एकदा एसटीत बसली, मोर्णा नदीचा पूल ओलांडून गल्ल्या विचारत दुकानापाशी पोचली. जमुना जमिनीवर बसून जुन्या गाद्यांतला कापूस पिसत होती. केसांवर, भुवयांवर पांढरं बसलं होतं. दुकानदाराची बायको बिल्कीस हिनं पाहुणी म्हणून चहा आणला. जमुना हाताचं काम थांबवेना.

"मी ठाण्यात गेलो होतो," रिबका म्हणाली. "चर्चमध्येबी सांगितलं. कोणी ऐकलं नाही."

"ऐकलं तवा सांगितलं नाही तू."

"मले माफ कर, जमुना."

जमुनानं कापसातली सरकी बाजूला टाकली. "माफी तुह्याकडं लई सस्ती हाय, रिबका. मेलेल्या माणसाच्या नावानंबी देऊन टाकतं तू. माह्याकडं नाही हाय." मग मान वर न करता तिनं विचारलं, "काय म्हटलं होतं त्यानं? खरं सांग."

"केशवरावले सांगा."

"अन् पुढं?"

"पुढं काही नाही. तेवढंच."

"अजून एक वेळा सांग."

"मोठीमाय, केशवरावले सांगा. बस."

जमुनाचे हात थांबले. ती ओठ हलवत ते शब्द मनातल्या मनात म्हणून पाहत होती, मुलाच्या आवाजात. तिच्या मनानं वाक्य कसं पुरं केलं ते रिबकाला विचारायचा धीर झाला नाही. चहा गार झाला. बिल्कीस दोघींकडं बघून आत निघून गेली. जमुना म्हणाली, "जाय आता. गाडी चुकंल." रिबका उठली. जमुना दारापर्यंत आली नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, नवीन पास्टर आल्यावर, मंडळीच्या बायांसोबत रिबका अमरावतीच्या एका मोठ्या सभेला गेली. मांडव मोठा, आवाज मोठा. बाहेरगावचे एक उपदेशक बोलत होते. क्षमेवर बोलता बोलता ते म्हणाले, "आपल्याच विदर्भातला एक तरुण होता. शेतात विषबाधा झाली. मरता मरता त्यानं हात जोडले, मालकाचं नाव घेतलं आणि म्हणाला, हे प्रभू, त्यांच्या माथी हे पाप ठेवू नको."

मांडवात लोक रडू लागले. त्या तरुणाच्या तोंडी आता प्रभूचं नाव आलं होतं. हात जोडायला शक्ती आली होती.

"असं झालं नव्हतं," रिबका मोठ्यानं म्हणाली.

शेजारची अनोळखी बाई डोळे पुसत तिच्याकडं वळली. "ऐकू द्या ना, मावशी."

"असं झालं नव्हतं. मी होतो तिथं. थो बोलता बोलता मेला."

मागून कोणीतरी शुक् केलं. गावच्या बायांनी माना खाली घातल्या. व्यासपीठावर पेटी सुरू झाली आणि सगळा मांडव उभा राहून गाऊ लागला. रिबकाचं बोलणं त्या आवाजात शेजारणीलाही ऐकू गेलं नसेल. तरी ती बसल्या जागेवरून बोलत राहिली. पंपाचं, तासाचं, टाचणीएवढ्या बाहुल्यांचं, मनगटाचं. जसं झालं तसं, पुढं काही न जोडता.