पाहुण्याच्या घड्याळावरचा दाणा

पॅनमामांच्या सदऱ्याच्या खिशात पेन कधी नसायचं, काचेची पट्टी असायची. साखर कारखान्यात पॅन म्हणजे घराएवढं बंद भांडं. त्यात उसाचा पाक वाफेवर आटवून साखरेचा दाणा धरवतात. मामा त्यातला थेंब काचेवर घेत, बोटानं पसरत, उजेडाला धरत आणि म्हणत, "अजून ल्हान हाय." मी प्रयोगशाळेत नवा केमिस्ट. माझी उपकरणं अर्ध्या तासानं जे सांगत, ते मामांनी आधीच सांगितलेलं असे. मला त्याचा थोडा रागही येई.

घाई त्यांना खपत नसे. चहासुद्धा तीनदा उकळी आल्याशिवाय ते कपात ओतू देत नसत. मामा दिसले की कँटीनचा आचारी न सांगता पातेलं पुन्हा स्टोव्हवर चढवायचा.

नव्वदच्या दशकातला तो हंगाम. संचालक मंडळावर नवं पॅनेल निवडून आलेलं. पहिल्या पोत्याच्या पूजेला मोठा पाहुणा येणार होता, वेळ अकराची. मंडप, हार, बँड, सगळं तयार. फक्त साखर तयार नव्हती. संचालकांपैकी एक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, पॅनवर चढून आले आणि माल खाली सोडा म्हणाले. अण्णांनी उभ्या जन्मात पॅनमध्ये डोकावलेलं नव्हतं.

"पाव्हन्याच्या घड्याळावर दाना बसत न्हाई, अन्ना," मामा म्हणाले.

अण्णांनी दुसऱ्याकडून झडप उघडवली. खाली आला तो नुसता चिखल. मग गोदामातून गेल्या हंगामाचं पोतं काढलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि पाहुणे नव्या साखरेचं तोंडभर कौतुक करून गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजही ते आठवलं की माझं माथं भडकतं.

चौकशी झाली म्हणे. माझ्यापुढे आला तो टाइप केलेला कागद: माल बिघडला, कारण पॅनमनचा निष्काळजीपणा. खाली केमिस्टची सही हवी होती. नोकरी नवी, लग्न ठरलेलं, अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आणि सही केली. बावीस हंगाम दाणा धरणारा माणूस त्या एका कागदावर घरी बसला. अण्णांना मात्र कुणी साधा प्रश्नही विचारला नाही.

मामा एसटीनं कारखान्यामागून कारखाने हिंडले. त्यांचा हात बघायला कुणी तयार नव्हतं. प्रत्येक गेटवर एकच विचारणा, तिथून का काढलं? हे कानावर आलं की मी चडफडायचो आणि मग निवांत जेवायला बसायचो. असल्या रागाला काय चाटायचंय?

शेवटी नेवाशाजवळच्या एका गुऱ्हाळावर त्यांना गुळव्याचं काम मिळालं. कढई उघडी, धूर डोळ्यात, पण पारख तीच. त्यांच्या हातचा गूळ हवा म्हणून शेतकरी दोन-दोन दिवस ऊस घेऊन थांबत.

पुढच्या हंगामात कारखान्याचा दाणा बसेना. अण्णांच्या भाच्याला पॅनवर नेमलं होतं, दुसरं काय होणार! मामांना आणायला जीप निघाली. तुमचं ऐकतील म्हणून मलाही बसवलं. सोबतच्या अधिकाऱ्यानं रोजंदारीवर या, असं वर तोंड करून सांगितलं. मामा कढईवरची नजर न काढता म्हणाले, "येतो. आदी त्यो कागुद बदला." कागद बदलता येत नाही, अधिकारी म्हणाला. मामांनी नकारार्थी मान हलवली, आम्हा दोघांच्या हातावर गरम गूळ ठेवला, आणि मला एवढंच विचारलं, "सही तुमचीच हुती ना, सायेब?"

आठवड्याभरात मी खरं काय घडलं ते लिहिलं, सही केली, एक प्रत कारखान्यात दिली आणि दुसरी घेऊन एसटीनं गुऱ्हाळावर गेलो. कारखान्यानं महिन्याभरात मलाही काढलं, ते ओघानंच आलं.

मामांनी हात धुऊन, पुसून कागद घेतला. बोट ठेवत दोनदा वाचला. मी म्हणालो, आता कुठल्याही गेटवर हा दाखवा. त्यांनी तो घडी घालून काचेच्या पट्टीशेजारी खिशात ठेवला.

"गेटावर आता कशाला जाऊ? घरी दावतो," ते म्हणाले. "कारभारनीनं येका शब्दानं इचारलं न्हाई मला, का काढलं म्हनून. वरीस झालं."