तुरीच्या दाण्यांचा डबा
माझं अक्षर वाईट आहे, लिहिण्यात चुकाही होतील. चौथीच शिकले, कुणी वाचलंच तर माफ करा. आज डब्यातल्या तुरीचा वास आला आणि अकोल्यातली ती दुपार आठवली. कपाशी बुडाली होती, पोरीच्या कॉम्प्युटर क्लासची फी शेजारच्या खालानं शिवणाच्या पैशातून दिली होती. उद्या परीक्षा, आणि पोरीचा बेसिक भाषेतला प्रोग्राम दहापर्यंत मोजायचं सोडून एकावरच अडकायचा. घरी कॉम्प्युटर नव्हता. तिनं हाच तुरीचा डबा माझ्यापुढे ठेवला. "माय, तूच कॉम्प्युटर हो. मी सांगते तेवढंच कर, डोकं लावू नको." पहिली ओळ, डबा रिकामा करून एक दाणा टाक. दुसरी, मोजून सांग. तिसरी, एक दाणा वाढव. चौथी, दहाच्या वर नसतील तर पहिल्या ओळीवर जा. मी दर खेपेला "एक"च म्हणत राहिले. ती रडायला लागली, "नापास झाली तं खालाले काय तोंड दाखवू?" मी भीतभीत म्हणाले, "पहिल्या ओळीवर कावून धाडतं मले? तिथं डबा रिकामा होते. हे तं दुबार पेरणीवानी झालं. दुसरीवर धाड ना." तिनं चौथ्या ओळीतला एक खोडून दोन लिहिला, आणि मी मोजत मोजत दहावर पोचले. ती पास झाली, पुढे नांदगाव पेठेत नोकरीला लागली. तिच्या पगारातले पैसे मी याच डब्यात टाकत गेले, मध्ये एकदाही रिकामा केला नाही, आणि खालाचे सगळे पैसे फेडले.