शैलजाकाकूंनी चित्रं जपली

आमच्या कांचघर मोहल्ल्यात अण्णा चांदूरकरांना वेडा म्हणणारे पुष्कळ होते आणि त्यांत पहिला नंबर माझा. मी त्यांचा शेजारी, रेल्वेतून रिटायर झालेला, जिभेला हाड नसलेला. मी नाही म्हणणार तर कोण म्हणणार? अण्णा तोफांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पगार चांगला, ओव्हरटाइम भरपूर. बरोबरीच्यांनी प्लॉट घेतले, वर मजले चढवले. अण्णांनी रद्दी घेतली.

रद्दी हा माझा शब्द. त्यांच्यासमोर तो निघाला की अण्णा संध्याकाळच्या फिरण्याला मला न घेताच निघून जात. ती चित्रं होती. इंग्रजांच्या काळात तांब्याच्या नाहीतर पोलादाच्या पत्र्यावर एकेक रेघ कोरून, तीत शाई भरून, ओलसर कागदावर दाबून काढलेली. नर्मदेचे घाट, गोंडांचे किल्ले, हत्तीवर बसलेले साहेब, कुठल्याशा बाजारातल्या बायका. छावणीतल्या सदरमधला एखादा जुना बंगला रिकामा झाला की त्यातलं सामान विष्णू कबाड्याकडे येई आणि विष्णूचा पहिला फोन अण्णांना जाई. सिहोऱ्याला किंवा पाटणला कुणा मालगुजाराच्या माळ्यावर असलं काही आहे असं कानावर आलं, तर अण्णा बसने निघालेच. सोबत मला ओढत. मी वाटभर कुरकुर करायचो आणि तिथले समोसे खाऊन परत यायचो.

नवं चित्र घरी आलं की अण्णा साबणाने हात धुवायचे, पंच्याने कोरडे करायचे आणि मग ते दोन्ही कडांना धरून टेबलावर ठेवायचे. अशा चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची एक चौकट असते. कागद तिथे जरासा खोल गेलेला असतो. डोळ्याला दिसेल न दिसेल, बोटाला मात्र कळते. अण्णा डोळे मिटून त्या चौकटीवरून बोट फिरवायचे. "ज्यानं छापलं ना आनंद, त्याच्या हाताचा जोर अजून इथे आहे," असं म्हणायचे. मी म्हणायचो, त्याचा जोर राहू द्या, स्वयंपाकघरातला जोर सांभाळा.

स्वयंपाकघरात शैलजाकाकू होत्या. काकूंना चित्रांचा राग होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे. पोटी मूल नव्हतं. घरात दोनच माणसं, आणि त्यातलं एक सदानकदा चित्रं ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत डोकं घालून बसलेलं. अण्णांनी त्यांना चित्रं दाखवायचा प्रयत्न पुष्कळ केला, पण काकूंच्या हातात कधी कणीक असायची, कधी भाजी. तेव्हा अण्णांनी त्यांना निदान एवढं शिकवलं की ओल्या हाताने पेटीला शिवायचं नाही. पाणी आणि कसर हे कागदाचे दोन वैरी, हे वाक्य त्या घरात मी इतक्यांदा ऐकलं की मलाच पाठ झालं होतं. आपल्यामागे ही चित्रं धड राहावीत, एवढीच अण्णांची इच्छा होती. कुणाकडे राहावीत हे त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नव्हतं.

मागच्या श्रावणात पेटी उघडली तर मंडल्याच्या किल्ल्याला कसर लागली होती. बुरुजाची पार चाळण झाली होती. अण्णा ते चित्र मांडीवर घेऊन बसले ते जेवायलाही उठेनात. काकू माझ्याकडे येऊन म्हणाल्या, सासूबाई गेल्या तेव्हाही हे असे बसले नव्हते. मी थट्टेत काहीतरी बोललो, पण काकू हसल्या नाहीत. नवऱ्याला रडताना त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं आणि ते त्यांच्या मनातून जात नव्हतं.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कारखान्यातल्या आणि रेल्वेतल्या आम्हा लोकांना एखादा कागद जपायचा म्हणजे एकच उपाय ठाऊक, लॅमिनेशन. नोकरीचं प्रशस्तिपत्र, पोरांच्या मार्कशीटा, जन्माचे दाखले, सगळं प्लॅस्टिकमध्ये. काकूंच्या देवघरातला विठोबाही लॅमिनेशन केलेला आणि आरत्यांचा कागदही. तूप सांडलं, फडका मारला, काम झालं. ज्या कागदावर जीव आहे तो उघडा ठेवणं म्हणजे आमच्यात हेळसांडच समजतात. माझी स्वतःची पेन्शनची कागदपत्रं तशीच आहेत.

दिवाळीनंतर नागपूरला अण्णांच्या चुलतभावाची तेरवी होती. मलाही लेकीकडे जायचं होतं, म्हणून आम्ही बरोबरच गेलो. अण्णांनी पिशवीत दोन पुठ्ठ्यांच्या मधे आपलं सगळ्यात लाडकं चित्र घेतलं होतं. भेडाघाटचं. दोन्हीकडे संगमरवराचे कडे, मधून नर्मदा, आणि पाण्यावर एक लहानशी नाव. नागपुरातला कुणी जुना फ्रेमवाला काचेला कागद टेकू न देता फ्रेम करतो असं त्यांना कळलं होतं. गेलो तर दुकानाला कुलूप. तो माणूस गावाला गेला होता. चित्र जसं नेलं तसं परत आणलं.

घरी पोचलो तर काकू दारातच उभ्या होत्या. नवी साडी, केसांत शेवंती. मलाही चहाला थांबवून घेतलं. अण्णांना खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि पेटी ओढत त्यांच्या पुढ्यात आणून ठेवली.

"आता उघडा," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं हिला मी सवत म्हणत आले. म्हटलं, आता तुमच्या लाडकीला एक साडी मीच नेसवते."

पेटीत सगळी चित्रं होती. एकूण एक. जाड, चकचकीत प्लॅस्टिकमध्ये बंद. गुडघे धरून, ऑटोतून खेपा घालून काकूंनी ती थोडीथोडी करून चौकातल्या दुकानात नेली होती. पिवळ्या पडलेल्या कडा दुकानदाराने साफ कापून दिल्या, त्याचे पैसेही घेतले नाहीत, हे त्या कौतुकाने सांगत होत्या. आता पाणी लागणार नाही, कसर लागणार नाही. आपण दोघं गेलो तरी ही राहतील.

मी सगळ्यात वरचं चित्र उचललं. गरम रुळांखाली कागद भाजून तपकिरी झाला होता, शाईवर चट्टे होते, एका कोपऱ्यात हवेचा फुगा. अण्णांनी ते माझ्या हातून घेतलं आणि सवयीने कडेवरून बोट फिरवलं. बोट गुळगुळीत घसरत गेलं. त्यांनी दुसरं घेतलं, मग तिसरं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

माझं डोकं फिरलंच होतं. काकू, हे काय करून ठेवलंत, हे शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "आनंद, चहा घे," म्हणाले. मग काकूंकडे वळून म्हणाले, "छान केलंस. एवढं सगळं एकटीनं केलंस?"

काकूंचे डोळे भरून आले. आयुष्यभरात त्या माणसाने त्यांना असं काही म्हटलं असेल-नसेल. मग त्यांना पिशवीतलं भेडाघाट आठवलं. ते एकच बिचारं उघडं राहिलं, उद्या सकाळी मी घेऊन जाते, असं त्या म्हणाल्या. अण्णा म्हणाले, तुझे गुडघे दुखतात, मीच जातो.

सकाळी मी त्यांच्या बरोबर गेलो ते भांडायलाच. वाटेत त्यांना धारेवर धरलं. प्लॅस्टिक निघेल का विचारलं, तर म्हणाले, कागद सोबत सोलून येतो. मग मी तोड काढली. भेडाघाटची रंगीत झेरॉक्स काढू, तिला लॅमिनेशन करू, काकूंना काय कळतंय. खरं चित्र माझ्या घरी राहील, वाटेल तेव्हा येऊन बघा.

अण्णा रस्त्यातच थांबले. "थट्टेत ती सवत म्हणत होती आजवर," ते म्हणाले. "तुझ्या घरी लपवून ठेवलं अन् चोरून बघायला येऊन राहिलो, तर ती खरीच सवत होईल ना रे."

मग तिला खरं सांगा, मी म्हटलं. चुकली आहे ती.

"काहून सांगू? मीच तिला शिकवलं, पाणी अन् कसर. तिसरा वैरी मी सांगितलाच नाही. मला वाटलंच नाही कधी, ती हात लावेल म्हणून."

दुकानात त्यांनी चित्र स्वतःच्या हाताने दुकानदाराला दिलं. कडा कापू नका एवढंच म्हणाले. चित्र मोठं होतं, पाकिटात बसेना. दुकानदाराने विचारलं, "काटना पड़ेगा दादा, काट दूँ?" अण्णांनी होकाराची मान हलवली. कात्री चालली आणि दाबाची ती चौकट पट्ट्या होऊन खाली पडली. मशीनने भेडाघाट एका बाजूने आत घेतलं, दुसऱ्या बाजूने सोडलं. माणूस पोटच्या पोराला अग्नी देतो तेव्हा जसा उभा असतो, तसे अण्णा उभे होते. मला दुकानाबाहेर जाऊन नाक शिंकरावं लागलं.

काकूंनी ते चित्र दिवाणखान्यात मधोमध लावलं. रोज सकाळी त्या त्यावरून ओला फडका फिरवतात. आता त्या चित्रांकडे बघतातही. दुपारी पेटी उघडून अण्णांना विचारतात, हा घाट कुठला, ही बाई डोक्यावर काय नेते आहे. अण्णा सगळं सांगतात, खिडकीबाहेर बघत.

गेल्या महिन्यात विष्णू कबाड्याचा फोन आला. कुठल्यातरी बंगल्यातून मोठी फाइल आली होती, पन्नासेक चित्रं, कोरी करकरीत. मी तिथेच होतो. काकू स्वयंपाकघरातून लगबगीने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, जा ना, आत्ताच घेऊन या, लगेच लॅमिनेशनला टाकू. अण्णा फोनवर विष्णूला म्हणाले, "मेरे यहाँ मत लाना भैया. किसी और को दे दो." मग चप्पल घालून फिरायला निघून गेले.

काकू माझ्यासमोर बसल्या. पदराने हात पुसत राहिल्या, कितीतरी वेळ.

"आनंदभाऊ, यांचं मन काहून उडालं हो चित्रांवरून? आता कुठे मला गोडी लागून राहिली होती." मग त्याच म्हणाल्या, "मीच उशीर केला. दहा वर्षांआधीच सगळ्यांचं लॅमिनेशन करून घेतलं असतं, तर तो किल्ला वाचला असता. त्या किल्ल्यानंच यांचं मन मोडलं."

मी तोंडाळ माणूस. सगळ्या कांचघरात माझ्या जिभेला लोक भितात. मी काकूंना म्हटलं, हो, तसंच असेल.