अंजनीचा गज

व्हायोलिनची पेटी उघडल्यावर जगदाळे सरांनी खुंट्यांकडं बघितलंही नाही. त्यांचं लक्ष थेट झाकणात अडकवलेल्या गजाकडं गेलं. मी समोर हात बांधून उभा होतो. शाबासकीची वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू. त्यांनी गज बाहेर काढला, डोळ्यासमोर आडवा धरला, एका टोकाकडून बघितला, मग दुसऱ्या टोकाकडून. मग गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले.

"बशीरभाई, हे कुणी केलं?"

"मीच. तुमी सांगितलं नव्हतं, पण लय वाकला होता. उन्हात राहिला असंल. सरळ करून टाकला. तेवढीच माझ्याकडून भेट."

त्यांनी गज मांडीवर आडवा ठेवला. माणूस चिडला की बरं असतं, आपणही दोन शब्द बोलून मोकळे होतो. हे गप्प बसले, तेव्हा मला पहिल्यांदा धाकधूक वाटली.

माझं मिरजेत तंतुवाद्यांचं दुकान आहे. सतार, तंबोरे हे घरचं काम. व्हायोलिनची दुरुस्ती मी तरुणपणी स्वतःच्या हिमतीवर शिकलो आणि त्याचा मला अंमळ जास्तच अभिमान आहे. दुकानात वडिलांपासूनची एक रीत आहे. वाद्य दुरुस्तीला आलं की गिऱ्हाईक जिथं बिघाड सांगेल तिथं लाल दोरा बांधायचा. भिंतीवर दहा-बारा वाद्यं टांगलेली असतात. दोरा बघितला की कुणाचं काय दुखतंय ते कळतं. काम झालं की दोरा सोडायचा. वही नाही, चिठ्ठी नाही.

जगदाळे सरांच्या व्हायोलिनला मी दोन दोरे बांधले होते. तारा पिळायच्या चार खुंट्यांपैकी दोघींना. गजाला दोरा नव्हता.

त्याच्या आठवडाभर आधी ते पहिल्यांदा आले, ते साताऱ्याहून रेल्वेनं, पेटी मांडीवर धरून. रहिमतपूरपर्यंत उभ्यानं आलो म्हणाले. पासष्टीच्या पुढचा माणूस. वडील मिलिटरीच्या बँडमध्ये, म्हणून घरात व्हायोलिन आलं. पुढं युरोपात जाऊन शिकले आणि तिथंच बरीच वर्षं वाजवत राहिले. त्यांचा प्रकार बरोक. म्हणजे दोन-तीनशे वर्षांपूर्वी तिकडं व्हायोलिन जसं होतं तसंच ठेवायचं आणि तसंच वाजवायचं. पोलादी तारा नाहीत, मेंढीच्या आतड्याच्या तारा. आवाज मऊ, लहान. मोठ्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेला पोचणार नाही असा.

"मग आता कुठं वाजवता?" मी विचारलं.

"ओढ्यावर," ते म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच. सगळं सोडून ते वाईच्या पलीकडं, धोम धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, वडिलांच्या जमिनीत येऊन राहिले होते. बायको नाही, मूल नाही. झाडं लावायची, पाखरं ऐकायची आणि पावसाळ्यात उजाडताना ओढ्याकाठी बसून वाजवायचं. तिथं कस्तूर नावाचा पक्षी असतो. निळा-काळा, माणसासारखी शीळ घालणारा. गातो फक्त पावसाळ्यात.

"मी थांबलो की तो सुरू करतोय," ते म्हणाले. "माझं ऐकून गातोय असं न्हाई हां. तो त्याचं गातोय. पण माझ्यामुळं उडून जात न्हाई, एवढं मला पुरं हाय."

पावसाची हवा लागली की लाकूड फुगतं, मग खुंटी एक तर अडकते नाही तर घसरते. साधं काम. दहा दिवस लागतील म्हणालो. तर त्यांनी माझा हात धरला.

"लवकर करा. माझे कान चाललेत. डॉक्टर म्हणालेत बारीक आवाज आधी जातात. शिंजीर, ते बारकं पाखरू, त्याचा आवाज गेला दोन वर्सामागं. म्हंजे झाडावर दिसतोय, ऐकू येत न्हाई. कस्तुराची शीळ तेवढी जाड, ती अजून येतीया. एवढा पावसाळा मिळंल, पुढचं ठाऊक न्हाई."

मला त्यांची मनापासून दया आली. आणि ती दयाच पुढं अंगाशी आली. खुंट्यांचं काम चार दिवसांत उरकलं. या माणसासाठी आणखी काहीतरी करावं असं वाटलं, म्हणून पेटीतला गज काढला.

व्हायोलिनचा गज म्हणजे एक काठी आणि तिला ताणून बांधलेले घोड्याचे केस. आपल्याकडं जे गज येतात त्यांची काठी मधे केसांच्या बाजूला आत वाकलेली असते. वापरून वापरून ती सरळ पडते, मग मी स्पिरिटच्या दिव्यावर गरम करून पुन्हा वाकवतो. असे शेकड्यानं गज या हाताखालून गेलेत. सरांचा गज मात्र उलटा, बाहेरच्या बाजूला फुगलेला. धनुष्यासारखा. एवढा बिघडलेला गज मी जन्मात बघितला नव्हता.

दिवा पेटवला. लाकूड भलतंच टणक होतं. हळूहळू फिरवत, मांडीवर दाब देत सरळ केलं. आणखी आत वाकवायला गेलो तर केस काठीलाच टेकायला लागले, कारण गजाचं डोकं, म्हणजे केस अडकवायचं टोक, बुटकं होतं. इथं मी थांबून विचार करायला हवा होता. मी काय म्हणालो? करणाऱ्याला अक्कल नव्हती, डोकं बुटकं ठेवलंय. तेवढ्यावर सोडला, तेल-पाणी केलं, चकचकीत केला. सरांचा नंबर समोरच्या फळीवर खडूनं लिहिलेला होता. फोन करावा असं डोक्यातसुद्धा आलं नाही. मिस्त्री गिऱ्हाइकाला विचारत बसला की त्याचा हात कच्चा, असं मी पन्नास वर्षं मानत आलो.

बाकावर बसलेले सर शेवटी बोलले.

"तो वाकडा नव्हता, बशीरभाई. तो तसाच असतोय. जुन्या काळचा गज बाहेरच्या अंगालाच वाकलेला."

"तसाच?"

"तशा गजानं सूर उचलला की आपोआप इरतोय. श्वास सोडल्यावानी. तुमच्या नेहमीच्या गजाचा सूर रेटत जातोय. दोन पावसाळं तसल्या गजानं वाजवून बघितलं. कस्तूर बसत न्हाई."

 दुसरा करून घेता येईल का, असं काहीतरी पुटपुटलो. त्यावर त्यांनी त्या गजाची हकिगत सांगितली. ओढ्यावर एक जुनी अंजनी होती. वादळात तिची फांदी मोडून पडली. झाडाला हात लावला नाही, पडलेली फांदी तेवढी ते परदेशी घेऊन गेले. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं ती नऊ वर्षं सुकवली आणि मग त्यातून हा गज काढला. तो कारागीर आता हयात नाही.

"आणि अंजनी?"

"दरड आली तवा गेली. मुळासकट."

हे सगळं सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. मला मात्र राहवेना. मी म्हणालो, "सर, सरळ केलाय तसा परत वाकवतो. जसा होता तसा."

"व्हतंय?"

"का न्हाई व्हायचं?"

मला ठाऊक नव्हतं. एकदा तापवून फिरवलेलं टणक लाकूड दुसऱ्यांदा उलटं वाकवलं तर काय करेल, हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. पण 'माहीत नाही' हे पाच अक्षरांचं वाक्य माझ्या तोंडातून फुटलं नाही. सर बाकावर पुढं सरकून बसले. मी दिवा लावला. काठी गरम झाली, मऊ झाल्यासारखी वाटली, दाब दिला. थोडी आली. आणखी थोडी आली. मला धीर आला.

मग बारीक आवाज झाला. सुकी काडी मोडावी एवढाच.

सरांना तो ऐकू आला नाही. ते तसेच आशेनं बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे, पण तेवढा वेळ दुकानात ती गोष्ट फक्त मला माहीत होती. धंद्यात बरंच काही सोसलंय, पण तशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. मग त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांना कळलं.

काठीला मधोमध उभी चीर गेली होती. सरस भरून ती बुजवता येते, गज दिसायलाही नीट दिसतो. पण केस ताणले की चीर उघडते. मी दुकानातला सगळ्यात चांगला नवा गज त्यांच्या पेटीत ठेवला. त्यांनी नको म्हटलं नाही. निघताना म्हणाले, "दोरा द्या जरा."

मी रीळ दिलं. त्यांनी चिरेवर लाल दोऱ्याचे दोन वेढे घेतले, गाठ मारली आणि गज माझ्या हातात दिला. "दुखणं हाय तिथं दोरा बांधायचा, असंच हाय न्हवं?" एवढं बोलून पेटी उचलून स्टेशनकडं गेले. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांच्या पाया पडलो असतो.

गौरी-गणपती झाल्यावर मला राहवलं नाही. एस.टी.नं वाईला गेलो, तिथं मुक्काम केला आणि सकाळची पहिली गाडी पकडून त्यांच्या वस्तीवर पोचलो. सर ओढ्याकाठी दगडावर बसले होते. पेटी घरातच होती. नवा गज कसा आहे, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी शेजारी बसलो. पाण्याचा आवाज, वर धुकं. मग पलीकडच्या कातळावरून शीळ आली. सावकाश, वर जाणारी, मधेच सूर सोडून दुसराच धरणारी. पन्नास वर्षं सुरांत काढली, पण असं काही ऐकलं नव्हतं. मी हरखून सरांकडं वळलो.

"काय मस्त हो!"

"काय?" त्यांनी विचारलं.

 ते माझ्याकडं बघत होते. मग कातळाकडं बघितलं.

"गातोय?"

"व्हय."

"कवापासनं?"

"आत्ताच," मी म्हणालो. कस्तूर अजून थांबला नव्हता.

"संपला की सांगा," ते म्हणाले आणि मान खाली घालून बसून राहिले. बराच वेळ तो गात होता. संपल्यावर मी त्यांच्या हाताला हात लावला. मग आम्ही उठून घरात चहा प्यायलो. कानांचं जे व्हायचं ते माझ्यामुळं झालं नाही, हे मला कळतं. पण तो एक पावसाळा त्यांच्या हक्काचा होता आणि तो मी खाल्ला. माफी मागितली तेव्हा त्यांनी मला आणखी चहा ओतला.

आता कुणी काहीही घेऊन आलं की मी आधी विचारतो, हे असंच असतं का? गिऱ्हाइकं हसतात, म्हातारा झाला म्हणतात. हसू देत. दोरा नाही तिथं मी हात लावत नाही.

सरांचा तो गज दोऱ्यासकट भिंतीवर आहे. शेजारची वाद्यं येतात, जातात. काम झाल्याशिवाय दोरा सोडायचा नाही, ही वडिलांची रीत मी अजून पाळतो.