भिडूच्या बोलीचे नियम

चिखलीत कम्प्युटरचा क्लास चालवायचो तेव्हा जवळजवळ वर्षभर मी एक असं काम करत बसलो होतो, जे कोणालाच धड समजावून सांगता आलं नाही. बायकोलाही नाही. ती विचारायची, "नक्की करता काय तुम्ही?" मी म्हणायचो, "भाषा बनवतोय." त्यावर ती म्हणायची, "आहे ती पुरत नाही का?" आता यावर माणसानं काय बोलावं! त्या प्रकाराचा मला आजही पुरता उलगडा झालेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही चौघं संध्याकाळी ब्रिज खेळायचो. मी, एक रिटायर पोस्टमास्तर, एक गुरांचे डॉक्टर आणि माझा भिडू. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या माडीवरच आमचा अड्डा. त्याला सगळी चिखली भाई म्हणायची, मीही म्हणायचो. तो मला सर म्हणायचा. ब्रिजमध्ये समोरासमोर बसलेले दोघं भिडू असतात. पत्ते वाटून झाले की खेळायच्या आधी बोली लागते, की आम्ही इतके हात करू आणि अमुक रंग हुकूम. भिडूचे पत्ते दिसत नाहीत, त्याला विचारायची सोय नाही, डोळा मारला तर खेळ नासला. जे काय सांगायचं ते बोलीतूनच. सांगण्यासारखं काही नसलं तर 'पास' म्हणून गप बसायचं.

भाई बोलीला वाघ होता. हातात चार चित्रं दिसली की हा इस्पिकावर चढलाच. कधी आम्ही सपाटून बुडायचो, पण त्याच्यासमोर बसायला मजा यायची. दुकानातही तसाच. बीटी कापसाच्या पिशव्या नवीन आल्या होत्या, नावं इतकी की डोकं फिरावं. लोक मेहकरकडून, हिवरा आश्रमाच्या बाजूच्या खेड्यांतून जीप करून यायचे आणि पिशवीवरचं काही न वाचता त्यालाच विचारायचे, "भाई, कोन्ती घेऊ?" तो जमीन विचारायचा, पाणी विचारायचा आणि ठोकून सांगायचा, "हे घे." पिशवीसोबत साध्या कापसाची एक लहान पुडी यायची. ती कडेनं लावायची, असा नियम कागदावर छापलेला असायचा. ती पुडी लोक पायरीवरच फेकून द्यायचे. छापलेल्या नियमाचं आपल्याकडे काय होतं ते मी रोज जिना चढताना तुडवत जायचो.

मग ते वाईट साल आलं. ऐन बोंडं धरायच्या वेळी पाऊस गायब झाला आणि बिनपाण्याच्या जमिनीवरचा कापूस लाल पडून बसला. सकाळी पेपर उघडायचं जिवावर यायचं. आणि माडीवर भाई पास म्हणायला लागला.

आधी मला वाटलं, पत्तेच येत नसतील. पण डाव संपल्यावर त्याचे पत्ते पाहावेत तर एक्का, राजा, वर पाच इस्पिकं! माझं टाळकं सरकलं. "अहो भाई, एवढा पत्ता असून पास?" तो म्हणायचा, "नाही वाटलं, सर." रोज तेच. पहिले काही दिवस पोस्टमास्तर खुशीत जिंकत होते, मग त्यांनाही कसंतरी व्हायला लागलं. खाली दुकानातही हेच चाललं होतं. कोणी विचारलं की भाई म्हणायचा, "तुम्हाले जे पाह्यजे ते सांगा, मी काढून देतो." एकदा जिन्यात भाईच्या बायकोनं, भाभींनी, मला अडवलं. म्हणाल्या, "घरात बी तेच होऊन राह्यलं. पोरीच्या शाळेचं विचारा, भाजीचं विचारा, 'तू पाह्य' म्हनतात. तुमचं ऐकतात ते. काही करा ना, सर." त्यांचे डोळे भरले होते. मी "हो हो" म्हणून जिना चढलो आणि वर जाऊन समजेना की करायचं काय.

माणसाशी सरळ बोलावं एवढी अक्कल मला नव्हती. मला कम्प्युटर येत होता. म्हणून मी ठरवलं, की भाईच्या जुन्या बोलीचे नियम काढायचे, मशीनला शिकवायचे आणि त्याच्यासमोर ठेवायचे, की बघा, हे तुम्ही. पण तयार कम्प्युटरच्या भाषेत लिहिलं तर ते त्याला वाचता येणार नव्हतं. मग मी आपली एक चिमुकली भाषा केली. एक ओळ म्हणजे एक नियम. 'असन तं', म्हणजे असेल तर, अशी सुरुवात, पुढे अट, शेवटी 'म्हन' आणि बोली. फॉन्टचा घोळ नको म्हणून लिहायची इंग्रजी अक्षरांत. त्यात 'काऊन', म्हणजे 'का', असा मशीनला विचारायचा एक शब्दही ठेवला होता. मशीन काही बोललं आणि तुम्ही काऊन लिहिलं, की कोणत्या नियमानं बोललं ते दाखवायचं.

वाटलं होतं, आठवड्याचं काम आहे. कसलं काय! मी विचारायचो, "एक इस्पिक केव्हा म्हणता?" तो म्हणायचा, "पत्ता चांगला असला की."

"चांगला म्हणजे किती?"

"पाह्यलं की समजते."

"भाई, मशीन पाहत नाही हो!"

मग कसंबसं ठरायचं, की पाच इस्पिकं आणि इतके पॉइंट. लगेच डॉक्टर विचारायचे, "अन् पाच बदाम बी असले तर?" दोन्ही नियम लागू, मशीन कोणाचं ऐकणार? मी ठरवलं, ज्याची अट बारीक तो जिंकेल. पोस्टमास्तर म्हणाले, छे, आधी लिहिलेला जिंकेल, टपालात असंच असतं. भाई म्हणाला, शेवटी सांगितलेला. तिघं भांडत बसले आणि मी भाषा पुन्हा पहिल्यापासून लिहिली. असं किती वेळा झालं असेल, देव जाणे.

त्याहून बेकार भानगड पुढेच होती. बोली नुसती बोलून भागत नाही, भिडूची बोली वाचावीही लागते. म्हणजे तोच नियम दोन्हीकडून चालायला हवा. सरळ वाचला की हातावरून बोली निघाली पाहिजे, उलटा वाचला की बोलीवरून भिडूच्या हाताचा अंदाज निघाला पाहिजे. सरळ जमलं तर उलटं फसायचं. क्लासची मुलं समोर बसलेली असायची आणि मी फळ्यावर त्यांना शिकवायचं सोडून बाण काढत असायचो. डोक्याचा पार भुगा झाला होता.

पहिल्यांदा मशीन माडीवर नेलं, हातातले पत्ते त्यात भरले, तर त्यानं सात नोट्रम्प बोली लावली. म्हणजे सगळेच्या सगळे हात आम्हीच करणार, हुकुमाशिवाय! हातात होता एक गुलाम. मी 'कमी'च्या जागी 'जास्त'ची खूण घातली होती. डॉक्टर खुर्चीवरून पडायचे राहिले. आणि भाई हसला. "अरे बापा, हे तं माह्याहून येडं हाय," म्हणाला आणि डोळे पुसत बसला. कित्येक महिन्यांनी त्याला हसताना पाहिलं. मला इतका आनंद झाला की चूक सुधारायला हात होईना.

सुधारली मात्र. आणि हळूहळू मशीन भाईसारखं बोलायला लागलं. डॉक्टरांना जुने डाव तोंडपाठ होते. ते सांगायचे, मी भरायचो, मशीन बोलायचं आणि डॉक्टर मांडीवर थाप मारून म्हणायचे, "हेच म्हणला होता हा!" भाई बारकाईनं बघायचा. एका बोटानं 'काऊन' टाइप करायचा, नियम वाचायचा आणि मान हलवायचा. "बराबर हाय."

आणि लगेच पत्ते वाटले की, पास.

मी भडकलो. खोटं कशाला सांगू, पत्ते टेबलावर आपटले. "तुमचेच नियम आहेत ना? तुम्हीच सांगितले ना? मग आता का दातखिळी बसते?" पोस्टमास्तर "जाऊ द्या, जाऊ द्या" करत होते.  भाईनं आत्ताच केलेला स्वतःचा पास मशीनमध्ये भरला आणि तो उलटा वाचायला सांगितलं. मशीननं दाखवलं, की भिडूच्या हातात काही नाही. भाई त्या ओळीकडे बघत राहिला. म्हणाला, "मी पास म्हनलं की तुम्हाले असंच वाटते ना, सर?"

"दुसरं काय वाटणार?" मी म्हणालो.

त्यानंतर त्यानं जे सांगितलं ते मला अगदीच अनपेक्षित होतं. माझा आपला समज, की साल बुडालं म्हणून लोकांनी त्याला शिव्या घातल्या असतील, दुकानावर येऊन तमाशा केला असेल, म्हणून बिचाऱ्यानं धसका घेतला. तो म्हणाला, "कोनी नाही बोललं हो काही. बोलले असते तं मी बी भांडलो असतो, मोकळा झालो असतो. ज्यायचं बुडलं तेच पुन्हा येऊन राह्यले. 'भाई, यंदा कोन्ती घेऊ?' मी काय सांगू त्यायले?"

 मला माझ्या भाषेचीच लाज वाटली. लाजेचं नेमकं कारण कळलं नाही, पण वाटली.

मग तोच म्हणाला, "हे तुमचं मशीन बियाण्याचं नाही सांगू शकत? मी नियम सांगतो. काऊन विचारलं तं दाखवता येईन लोकायले."

मी हरखून गेलो. वाटलं, आली गाडी रुळावर! दिवसभराची सगळी कामं बाजूला टाकून तीच भाषा बियाण्याला लावली. इस्पिक-बदामाच्या जागी भारी जमीन, हलकी जमीन, विहीर, नाला. भाई अगदी मोजून-मापून नियम सांगायचा. खात्री नसली की म्हणायचा, "हा काढून टाका." असं करता करता शेवटी जे उरले ते पाणी असलेल्या जमिनीचे. हलकी जमीन, वरच्या म्हणजे नुसत्या पावसाच्या पाण्यावर, असं भरलं की मशीन पास म्हणायचं. काऊन विचारलं तर दाखवायचं, की कोणताच नियम लागत नाही. आणि दुकानात येणारे बहुतेक लोक तसेच होते. मी म्हणालो, काहीतरी टाकू या. तो म्हणाला, "खोटं कसं टाकता, सर?" मग आता? जूनच्या गर्दीत, काउंटरवर, आलेल्या माणसाला पास म्हणायचं?

तेच झालं. मी मशीन घेऊन दुकानातच बसलो होतो. हिवरा आश्रमाकडच्या खेड्यातली एक वयस्क बाई आली. आदल्या साली तिनं भाईच्याच सांगण्यावरून कापूस लावला होता आणि तो सगळा लाल पडला होता. जीपवाल्याला थांबवून आली होती. म्हणाली, "भाई, सांग लवकर, कोन्ती?" मी घाईघाईनं तिची जमीन भरली. मुरमाड, विहीर नाही. पास. भाईनं स्क्रीन पाहिला, तिच्याकडे पाहिलं.

"माय, मले नाही सांगता येत," तो म्हणाला.

मला वाटलं, आता ही चिडेल, दुसऱ्या दुकानात जाईल. ती खताच्या पोत्यावर टेकली. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मागच्या साली तुह्यं चुकलं. पावसाचं बी चुकलं. म्या काय तुले फाशी देल्ली का? मले बी नाही समजत, तुले बी नाही समजत, तं दोघं मिळून पाहू. उठून जाऊ काय मी?"

जीपवाला हॉर्न वाजवत होता.  मशीनकडे न बघता भाई म्हणाला, "कापूस नको लावू. त्या मुरमात तूर लाव, मंधात मूग."

"पिशवी नको?"

"नको."

ती उठली, "हाव, बरं" म्हणाली आणि तुरीचं बियाणं घरचंच आहे म्हणून रिकाम्या हातानं निघून गेली. बियाणं विकणाऱ्या माणसानं ऐन हंगामात गिऱ्हाईक असं परत पाठवलं! मी 'काऊन' टाइप केलं. तेच उत्तर, कोणताच नियम लागत नाही. त्या संध्याकाळी माडीवर भाईनं चार इस्पिक म्हटलं. आम्ही असे बुडालो की पोस्टमास्तरांनाच आमची दया आली. मी त्याला मिठी मारायचा तेवढा राहिलो.

आणि मग काय व्हावं? त्या साली पाऊस वेळेवर पडत गेला. हलक्या जमिनीवरसुद्धा कापूस पांढराशुभ्र फुटला. मुगाला मात्र ऐन तोडणीत झडीनं झोडपलं, शेंगा झाडावरच काळ्या पडल्या. बातमी कळली. वाटलं, संपलं. आता हा माणूस कायमचा गप्प होणार, आणि या वेळी त्याला बोलतं करायला माझ्याकडे काहीही नाही. चार दिवस माडीवर जायची हिंमत झाली नाही. शेवटी गेलो. भाई दुकानात एकटाच होता, हरभऱ्याची पोती लावत होता.

मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "काल ते बाई आल्ती."

 "काय म्हणाली?"

"म्हने नाल्याकाठी थोडी भारी जमीन हाय, तिथं हरभरा कोन्ता पेरू."

"मग?"

"सांगतलं," भाई म्हणाला.